सर्वज्ञांचे एकाकी प्रस्थान

दिग्रस, दारव्हा, पुसद या टापूतील वासनिक आणि उपदेशी मंडळींना माहूरची वाट सांगावी लागत नाही. आज दिग्रसहून पुसदमार्गे निघालेला यात्रेकरू एस.टी.ने काही तासांत गडाच्या पायथ्याशी उतरतो. गाड्या नव्हत्या त्या काळी हीच वाट पायी दोन-तीन मुक्कामांची होती, आणि वाटेत जंगलही दाट होते. श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून आपण माहूरला जातो. परंतु पंथाच्या इतिहासात माहूर हे केवळ पोहोचण्याचे ठिकाण नाही, ते निघण्याचेही ठिकाण आहे. फलटणच्या कऱ्हाडे ब्राह्मण कुळातील श्रीचांगदेव राऊळ यात्रेकरूंच्या मेळ्याबरोबर येथे आले, व्याघ्ररूपाने प्रकटलेल्या श्रीदत्तात्रेयप्रभूंपासून त्यांनी शक्तिस्वीकार केला, आणि मग मेळ्याबरोबर घरी न परतता ते द्वारावतीला गेले. येताना सोबत होती, जाताना नव्हती. पुढे द्वारावतीच्या रस्त्यांवर हाती खराटा आणि सूप घेऊन त्यांनी जी लीळा केली ती सर्वांना ठाऊक आहे. कामाख्येच्या आग्रहाचे निमित्त होऊन त्यांनी तेथेच देहत्याग केला, आणि भडोच नगरीत प्रधानपुत्र हरिपाळदेवाच्या निश्चेष्ट देहाचा स्वीकार केला, असे आपली परंपरा सांगते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे चरित्र येथून सुरू होते, आणि त्यातही मेळ्याबरोबर निघून मेळा मागे ठेवण्याचा तोच प्रकार पुन्हा घडतो. स्वामींच्या चरित्रावर लिहिणारे बहुधा रिद्धपूरच्या शक्तिस्वीकारावर, पैठणच्या निरूपणांवर किंवा भटोबासांच्या अनुसरणावर अधिक लिहितात, आणि ते योग्यच आहे. तथापि भडोचहून निघण्याचा प्रसंग दोन ओळींत उरकला जातो, असे अनेकदा आढळते. राजवैभवाचा त्याग केला एवढे म्हटले की लेखणी पुढे सरकते. हा त्याग एका क्षणात झाला नाही, तो मुक्कामागणिक होत गेला, आणि त्याची रीत नीट पाहिल्यावाचून आचार प्रकरणातील अटनाची वचने पुरती उलगडत नाहीत.

हरिपाळदेवांचे वडील विशाळदेव हे गुजरात राज्यातील प्रधान होते. माता माल्हणदेवी, पत्नी कमळाइसा. परंपरेने शके ११४२ (इ. स. १२२०-२१) मधील भाद्रपद शुद्ध द्वितीया हा अवतारदिन मानला जातो. हरिपाळदेवांचे निधन झाले, त्यांना स्मशानात नेण्यात आले आणि तेथे ते उठून बसले. घरी आनंदीआनंद झाला. आईवडिलांना आपला पुत्र परत मिळाला असे वाटले, पत्नीला पती परत मिळाला असे वाटले. त्या घरात जो परतला तो कोण होता हे कोणालाही उमगले नाही. पुढे जे वियोगाचे दुःख त्या कुटुंबाच्या वाट्याला आले त्याची तीव्रता यामुळेच अधिक होती. एकदा गमावून परत मिळालेले माणूस त्यांनी दुसऱ्यांदा गमावले.

काही काळ गृहस्थाश्रमाची लीळा चालली. त्यात द्यूताचाही प्रसंग आहे. प्रधानपुत्र जुगारात बरेच द्रव्य हरले. जिंकणाऱ्यांचे देणे देणे भाग होते. ते घरी आले आणि कमळाइसांकडे त्यांनी अलंकार मागितले. कमळाइसांनी ते दिले नाहीत. देणे अखेर वडिलांच्या भांडारातून फिटले. परंतु त्या नकाराने हरिपाळदेव उदास झाले. या प्रसंगावरून कमळाइसांना दोष देण्याची प्रथा काही कीर्तनकारांत आहे, ती बरी नव्हे. जुगारात हरलेल्या पतीला दागिने न देणारी स्त्री व्यवहाराच्या दृष्टीने शहाणीच म्हटली पाहिजे. शिवाय परमेश्वर अवताराच्या औदास्याला जीवाच्या नकाराचे कारण लागते असे मानणे हे आपल्या विचारशास्त्रालाही धरून नाही. तो नकार हे निमित्त. सोयरीक कोठवर पुरते याची सीमा त्या निमित्ताने दृष्टीस पडली, इतकेच.

त्यानंतर हरिपाळदेवांनी वडिलांकडे रामयात्रेची, म्हणजे रामटेकला जाण्याची, अनुज्ञा मागितली. विशाळदेवांनी ती दिली नाही. त्यांचे कारण साधे आणि बिनतोड होते. रामटेक यादवांच्या राज्यात होते, आणि देवगिरीच्या यादवांचे व गुजरातचे वैर त्या काळी ऐन भरात होते. सिंघणदेव यादवाच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. १२१० ते १२४६ या काळात, देवगिरीच्या फौजा लाट देशावर आणि गुजरातवर वारंवार चालून गेल्या होत्या, आणि त्यांचा पहिला तडाखा भडोचच्या बाजूलाच बसत असे. अशा शत्रूच्या मुलखातून प्रधानाच्या एकुलत्या आशेने पाचशे किलोमीटरांहून अधिक चालून जावे, ही कल्पना कोणत्या पित्याला मानवेल? यात्रेचे पुण्य ब्राह्मण पाठवून मिळवता येईल, दानधर्म घरी बसून करता येईल, असे मार्ग त्यांनी सुचवले. त्या काळच्या धर्मव्यवहारात ते रूढही होते. पण हरिपाळदेवांनी अन्नपाणी टाकले, आणि पुत्र डोळ्यांदेखत सुकत चाललेला पाहून पित्याने शेवटी अनुज्ञा दिली.

अनुज्ञा दिली ती एकट्याने जाण्याची नव्हे. प्रधानपुत्राला शोभेल असा लवाजमा बरोबर देण्यात आला. वाहने होती, पाईक होते, सेवक होते, वाटखर्चाचे द्रव्य होते. विशाळदेवांच्या दृष्टीने तो लवाजमा म्हणजे पुत्राभोवती उभी केलेली चालती तटबंदी होती. हरिपाळदेवांनी तिला विरोध केला नाही. ते तिच्यासह नगराच्या बाहेर पडले. येथेच त्या प्रस्थानाचे वैशिष्ट्य आहे. घरच्यांशी भांडून, वस्त्रे फाडून, आक्रोश मागे टाकून ते निघाले नाहीत. निरोप घेऊन, पित्याचे समाधान होईल अशा थाटात ते निघाले, आणि मग एकेका मुक्कामावर त्यांनी माणसे परत पाठवण्यास प्रारंभ केला. आज काही पाईक, उद्या काही वाहने. कोणाला काही निमित्त, कोणाला काही. मेळा रोज थोडा लहान होत गेला आणि भडोचकडे परतणाऱ्यांची रांग रोज थोडी वाढत गेली. शेवटी अगदी थोडी माणसे उरली. एका रात्री ती निजलेली असताना स्वामी उठले आणि पायी निघून गेले.

या कृतीत वडिलांची फसवणूक झाली काय, असा प्रश्न जिज्ञासू उपदेशी मंडळी मोकळेपणाने विचारतात. प्रश्न टाळण्याजोगा नाही. रामटेकचे नाव सांगून निघायचे आणि लवाजमा वाटेत सोडून अदृश्य व्हायचे, याला लौकिकात काय म्हणतात हे सर्वांना माहीत आहे. त्याचे उत्तर स्वामींच्या पुढील चरित्रातच आहे. रामटेकला ते गेले. पुढे एकांकाच्या काळात रामटेकच्या भोगराम मंदिरात त्यांचे अवस्थान झाले अशी परंपरा आहे, आणि तेथे पंथाचे वंदनीय स्थान आहे. पित्याला दिलेला शब्द पुरा झाला, मात्र पित्याने कल्पिलेल्या रीतीने नव्हे. आणि लवाजम्याविषयी म्हणायचे तर शत्रूच्या मुलखात धोका त्या थाटालाच होता. वाहने आणि पाईक पाहून गावोगावचे अधिकारी चौकशी करतील, गुजरातच्या प्रधानाचा पुत्र सापडला ही वार्ता देवगिरीला पोहोचेल. त्याच रस्त्याने एकटा, अनवाणी, निष्कांचन चालणारा मनुष्य कोणाच्याही नजरेत भरत नाही. विशाळदेवांनी ज्याला संरक्षण मानले तेच संकट होते, आणि त्यांना जे भयंकर वाटत होते त्यातच निर्भयता होती. हे राजकारणाच्या दृष्टीनेही खरे ठरते. त्याचा परमार्थ तर उघड आहे.

यानंतरची वाटचाल कठीण होती. सुकुमार देह, पायी चालण्याची सवय नाही, बरोबर शिधा नाही, आणि मागून घेण्याचीही सवय नाही. आजवर दुसऱ्याला देणे एवढेच त्या हातांना ठाऊक होते. भडोचकडून वऱ्हाडात येणाऱ्याला सातपुड्याच्या दक्षिणेने तापी-पूर्णेचे खोरे ही निसर्गानेच आखलेली वाट आहे. ती संपत येते तेथे, आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर लागते. रामटेक अजून पुष्कळ पुढे होते. परंतु स्वामींची पावले रिद्धपूरच्या हाटात थांबली.

त्या हाटात श्रीगोविंदप्रभू क्रीडा करीत होते. गावाला ते गुंडम राऊळ म्हणून ठाऊक होते. कोणाच्या दुकानात शिरावे, कोणाचा पदार्थ उचलावा, कोणाच्या घरात जाऊन बसावे, असा त्यांचा स्वच्छंद व्यवहार असे. गावातील काहींना ते वेडे वाटत, काहींना देव वाटत, आणि बहुतेकांना दोन्ही वाटत. भडोचचा प्रधानपुत्र त्यांच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ ओळख सांगण्याजोगे काहीही उरले नव्हते. श्रीप्रभूंच्या हाती शेंगुळे होते. त्यातला प्रसाद त्यांनी दिला, आणि त्या प्रसादाबरोबरच ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला. श्रीचक्रधर हे नामही तेथलेच, असे परंपरा मानते. यज्ञ नाही, मंडप नाही, मंत्रोच्चार नाही. बाजारातला खाऊ आणि भर बाजार. ज्या गावात तो अनोळखी पांथस्थ शिरला त्या रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते. गुजरातेतून आलेल्या त्या पांथस्थाने पुढे आयुष्यभर मराठीतच निरूपण केले, आणि त्याच्या अनुयायांनी संस्कृताचा मोह बाजूला सारून तीच भाषा धर्मभाषा केली. ही भाषा त्यांनी कोणत्या पाठशाळेत घेतली नव्हती. ती रस्त्यावरची, हाटातली, भिक्षेच्या दारातली होती, आणि म्हणूनच लीळाचरित्रातील मराठी अजून बोलकी वाटते.

रिद्धपूरहूनही स्वामी थांबले नाहीत. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत, वऱ्हाड आणि मध्यप्रदेश यांच्या आजच्या सीमेवर असलेल्या सालबर्डीच्या डोंगरात ते गेले आणि तेथे त्यांनी बारा वर्षे घालवली असे सांगितले जाते. मुक्ताबाई नावाची वृद्ध योगिनी तेथे तप करीत होती, तिची भेट याच काळातली. या बारा वर्षांचे वर्णन पोथीत थोडे आहे आणि ते थोडे असणेच साहजिक आहे.

सालबर्डीहून उतरल्यावरचा जो काळ, त्यालाच आपण एकांक म्हणतो. ही भ्रमंती केवळ अरण्याची नव्हती. स्वामी आंध्रदेशात ओरंगलला, काकतीयांच्या राजधानीत, पोहोचले. तेथे घोड्यांच्या व्यापाऱ्याने, पोथीच्या शब्दांत हेडावूने, त्यांचे तेज पाहून आपली कन्या हंसांबा त्यांना दिली. भडोचला सोडलेले ऐश्वर्य ओरंगलला दुसऱ्यांदा चालून आले. काही काळ स्वामी तेथे राहिले आणि पुन्हा निघाले. पहिल्या वेळी लवाजमा होता, तो मुक्कामागणिक सोडावा लागला. दुसऱ्या वेळी तेवढेही करावे लागले नाही. या दोन निघण्यांत दोन स्त्रिया मागे राहिल्या, हे चरित्रकार म्हाइंभटांनी लपवलेले नाही. भक्ताच्या लेखणीला तो भाग सौम्य करता आला असता. त्यांनी तो जसा कळला तसा ठेवला, आणि वाचणाऱ्याला त्याच्यासमोर थोडे थांबावे लागते.

एकांकातील लहान लहान लीळांत वाटेवरच्या माणसांचे आणि पशूंचे दर्शन घडते. झाडाखाली बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा येऊन दडला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. शरण आलेल्याला सोपवता येत नाही, हे स्वामींनी त्यांना समजावले, आणि त्या पारध्यांनी शिकार सोडून दिली. रानात वाघाच्या पिलांशी ते खेळले. गोंडांच्या वस्तीत त्यांचा वास झाला. भांडाऱ्याला नीळभट्ट नावाच्या गृहस्थाने त्यांना पाहिले आणि तो घरदार टाकून त्यांच्यामागे चालू लागला. पंथाच्या इतिहासात भांडारेकार म्हणून त्याला जे स्थान आहे ते यामुळेच. स्वामींनी त्याला बोलावले नव्हते. तो चालत राहिला आणि त्या सहवासातच त्याचा देह पडला. लोणारला यादवराज कान्हरदेव दर्शनाला आला. ज्या राज्याच्या भयाने विशाळदेवांनी पुत्राला अडवले होते, त्याच राज्याचा स्वामी द्रव्य घेऊन समोर उभा राहिला, आणि पुढे येणाऱ्याला त्याची गरज नव्हती. भडोचच्या घरी ही वार्ता पोहोचती तर पित्याला काय वाटले असते, असा विचार मनात येतोच.

एकांक वाचताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. लीळाचरित्राच्या पूर्वार्धाला आणि उत्तरार्धाला साक्षीदार आहेत. बाइसा आहेत, महदाइसा आहेत, भटोबास आहेत, आणि कितीतरी भक्तजन आहेत. प्रत्येक लीळा कोणीतरी पाहिली, कोणीतरी ऐकली. एकांकाच्या बहुतेक लीळांना असा कोणीही नाही. जो एकटा चालतो त्याचे चालणे कोण पाहणार? त्या वाटेचे जे काही आपल्याला कळले ते मुख्यतः स्वामींनीच पुढे सहज बोलता बोलता सांगितले म्हणून. कोणी प्रश्न केला, एखाद्या गावाचे नाव निघाले, एखादे झाड दिसले, की जुनी गोष्ट मुखातून बाहेर पडत असे. महदाइसांसारख्या प्रश्न विचारून पिच्छा पुरवणाऱ्या शिष्या नसत्या तर एकांक याहूनही लहान झाले असते. स्वामी गेल्यानंतर त्या ऐकलेल्या गोष्टी भटोबासांनी आणि इतरांनी आठवल्या. श्रीप्रभूंच्या नंतर रिद्धपुरात म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या. पुढे परचक्रात मूळ पोथी नाहीशी झाली आणि ती पुन्हा स्मरणातून उभी राहिली. त्यामुळे पाठ अनेक झाले. इतक्या हातांतून आलेले असूनही एकांकाचे स्वरूप वेगळेच राहिले. त्यातील लीळा आखूड आहेत, त्यांत मोठी निरूपणे नाहीत, वादविवाद नाहीत. कोणाला उद्देशून बोलायचे? ऐकणारेच नव्हते.

केसोबासांनी लीळाचरित्रातून वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. त्यातील आचार आणि आचारमालिका ही प्रकरणे भिक्षुकांच्या नित्य पाठात आहेत. साधकाने महाराष्ट्रात राहावे, कानड आणि तेलंग देशांत जाऊ नये, देशाच्या कडेला झाडाच्या तळी असावे, ओळखीच्या ठिकाणी आणि सोयऱ्यांत गुंतू नये, भिक्षेसाठी घरे निवडू नयेत, सोबत शोधू नये, असा त्यांतील अटनाचा आशय आहे. ही वचने सुटी वाचली तर निषेधांची यादी वाटते. एकांक शेजारी ठेवून वाचली की त्यांच्यामागची पावले दिसू लागतात. झाडाची तळ कोठली, हे सांगणारा स्वतः झाडातळी बसलेला होता. सोयरे का टाळावे, हे सांगणाऱ्याने भडोचला अलंकारांचा नकार पाहिला होता आणि पित्याचे प्रेमही पाहिले होते. वियोगाला कठीण करते ते दुसरे, पहिले नव्हे. सोबत का नको, हे सांगणाऱ्याने स्वतः सोबतीची माणसे एकेक करून परत पाठवली होती.

तेलंग देशाच्या निषेधाबद्दल मात्र टीकाकारांना अडखळावे लागते. स्वामी स्वतः ओरंगलला गेले, राहिले, मग शिष्यांना का वर्जिले? याची उत्तरे निरनिराळी देण्यात आली आहेत. विषयबहुल देश साधकाला बाधक, हे त्यांतले प्रमुख. ते ग्राह्य आहेच. पण चरित्राच्या अंगाने पाहिले तर त्या देशात काय भेटते हे स्वामी ऐकीव सांगत नव्हते. हंसांबेचे घर त्यांनी पाहिले होते. ज्या ऐश्वर्यातून अवताराला सहज उठता आले, त्यातून जीवाला उठता येईल असे त्यांनी गृहीत धरले नाही. अवताराची लीळा आणि साधकाचा आचार यांत जे अंतर आहे ते येथे स्पष्ट होते. लीळा आठवायची, आचार पाळायचा. दोन्हींची गल्लत झाली की कोणी ओरंगलला जाऊन पाहू असे म्हणू लागतो.

हे सर्व आज कितपत चालते, असे विचारले तर प्रामाणिक भिक्षुकाला खाली पाहावे लागेल. मठ आहेत, आश्रम आहेत, वाहने आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तर गाडीचे वेळापत्रक पाहिले जाते. वृद्ध आणि आजारी भिक्षुकांसाठी ते आवश्यकही आहे. तथापि अजूनही पहाटे एकटे बाहेर पडणारे, विजनात बसणारे, भिक्षेला घरे न निवडणारे साधक आणि तपस्विनी आहेत. वासनिकांनी आपल्या दारी आलेल्या अशा अनोळखी पांथस्थाला गाव, गुरू आणि आश्रम यांची चौकशी करीत बसण्यापेक्षा आधी भिक्षा घालावी. एवढे एकांकाच्या वाचनातून शिकले तरी पुष्कळ.

मेहकरला बोणेबाई भेटल्या आणि एकांकाचा एकटेपणा हळूहळू विरळ होऊ लागला. पुढे पैठणला नागुबाई, म्हणजे आपल्या बाइसा, भेटल्या. त्या स्वतः मठ चालवणाऱ्या, मान असलेल्या वयस्क साध्वी. स्वामींच्या सेवेत त्या आल्या आणि मग स्वामींभोवती माणसांचे मंडळ जमले. एकांक संपते आणि पूर्वार्ध सुरू होतो तो येथे. भडोचहून निघताना ज्यांनी माणसे सोडली त्यांच्याकडे आता माणसे येऊ लागली. ब्राह्मण आले, शूद्र आले, स्त्रिया आल्या, पैठणचे पंडित वाद घालायला आले आणि त्यांतले काही राहिले. सराळ्याचे म्हाइंभट डोमेग्रामला वाद करण्यासाठी आले ते याच काळात. बाइसा भोजनाची काळजी घेत, चालून आलेल्या स्वामींचे पाय धूत. मातेप्रमाणे त्यांचा जीव स्वामींवर होता. भडोचला माल्हणदेवींनी जे केले असते ते पैठणला बाइसांनी केले. स्वामींनी ते स्वीकारले, त्यात राहिले नाहीत. गंगातीराच्या गावांतून त्यांचे परिभ्रमण चालूच असे. आज येथे अवस्थान, काही दिवसांनी तेथे. स्थानपोथीत नोंदलेली ती गावे आणि ते ओटे आजही वंदिले जातात.

या मंडळाचा विस्तार यादव राज्यातील वजनदार मंडळींना सहन झाला नाही. कान्हरदेव १२६१ च्या सुमारास गेला, त्याच्यामागून महादेव आणि १२७१ मध्ये रामदेव गादीवर आला होता. विरोध वाढत गेला, आणि त्याची परिणती स्वामींच्या महाराष्ट्र सोडून जाण्यात झाली. पाठभेदांप्रमाणे हे गमन इ. स. १२७२ ते १२७४ या वर्षांतले आहे. त्यापूर्वीच स्वामींनी आपल्या माणसांची व्यवस्था लावण्यास आरंभ केला होता. कोणी कोठे राहावे, काय आचरावे, कोणाच्या सेवेत असावे, हे ते सांगत होते. भक्तजनांना त्यांनी रिद्धपूरला, श्रीप्रभूंच्या सन्निधानी, जाण्याची आज्ञा केली.

ती रीत तीच होती. भडोचच्या वाटेवर पाईक परत पाठवले गेले, गोदातीरी शिष्य पुढे पाठवले गेले. फरक इतकाच की पाइकांना आपण कोणाला सोडून चाललो हे कळले नव्हते, आणि भटोबासांना ते पूर्णपणे कळत होते. भटोबासांचा शोक पोथीत आला आहे. तो वाचताना विशाळदेवांची आठवण होते. बेलापूरहून स्वामी उत्तरापंथे निघाले. बरोबर वाहन नव्हते, द्रव्य नव्हते, शिष्य नव्हता. त्या वाटेवरची एकही लीळा कोणाला सांगता आलेली नाही.

मागे राहिलेले भक्तजन एकेक, दोन दोन करून पायी रिद्धपूरला निघाले. गंगातीर सोडून वऱ्हाडात उतरणाऱ्या त्या वाटेवर कित्येक मुक्काम होते. शोकाने देहभान हरपलेल्या भटोबासांनाही ती वाट चालावी लागली. ते पोहोचले तेव्हा श्रीगोविंदप्रभू गावात नेहमीप्रमाणे क्रीडा करीत होते.